अडीच न लिहिणाऱ्या अक्का

सिंधूअक्का कुणाच्या दारात आल्या की आधी बाळाकडे बघायच्या नाहीत. चपला काढून एकीवर एक ठेवायच्या, उंबऱ्यापाशी बसायच्या आणि प्यायला पाणी मागायच्या. तहान लागलेली नसायची. पाणी कुठून काढतात, हंड्यावर झाकण आहे का, हे त्यांना बघायचं असायचं. मग नजर चुलीकडे. धूर कुठून बाहेर जातो, भांड्यात काय उरलंय, बाजेवर कोण झोपतं आणि जमिनीवर कोण. एवढं सगळं बघून झालं की म्हणायच्या, "हां, आता दखाड पोरगं."

बायकांना हे आवडायचं नाही. मलाही आवडलं नव्हतं. नर्सबाई आहे की पाहुणी म्हणून आलेली नणंद, असं आम्ही मागे बोलायचो.

रावेर तालुक्यातल्या एका गावच्या उपकेंद्रावर त्या नर्स होत्या. गावाबाहेर केळीचं पॅकिंग हाऊस होतं आणि त्याच्या मागे पत्र्याच्या बारा खोल्या. केळी कापणाऱ्या टोळ्या तिथं राहायच्या. मी त्यातल्याच एका खोलीत लग्न होऊन आले. माहेर हिंगोलीकडं, सासरही तिकडचंच, पण सासर म्हणजे सासूबाई गावात आणि आम्ही दोघं इकडं. माझी शाळा आठवीत सुटली. लिहायला वाचायला येतं, पण चार माणसांत बोलायचं म्हटलं की आजही मी मागेच उभी राहते. इथली बोलीही मला कळायची नाही. गावातल्या बाया काही विचारायच्या आणि मी नुसती हसायची.

नंतर कळलं की अक्कांचंही तसंच होतं. त्या धुळे तालुक्यातल्या. आहे म्हणायला "शे" आणि सगळं म्हणायला "बठ्ठं", हे त्यांचं बोलणं ऐकून रावेरकडच्या बायाही तोंडाला पदर लावायच्या. वीस वर्षं त्या गावात राहून त्या बाहेरच्याच राहिल्या होत्या.

त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा मला सातवा लागला होता. मी ते कुणाला कळू देत नव्हते. टोळीचा मुकादम सातव्यानंतर बाईला काम सोडून घरी बसवायचा, म्हणून साडी घट्ट आवळून मी दिवसभर हौदापाशी उभी राहायची. पुरुष घड कापून आणायचे, आम्ही फण्या तुरटीच्या पाण्यात धुवायच्या, मध्ये फोमचे पातळ कागद घालायचे आणि खोक्यात भरायच्या. सकाळी कापसाच्या पऱ्हाट्यांच्या धुरात डोळे चोळत भाकरी करायची, ती ह्यांच्या डब्यात जायची. दुपारी मी बाजूला काढलेली डागी केळी खायची आणि वर चहा. त्यातूनही भूक लागली तर भाजलेल्या तंबाखूची मिसरी लावायची. दाताला मिसरी लावली की दोन तास भुकेची आठवण येत नाही.

अक्कांनी टेप काढून पोट मोजलं. दोनदा मोजलं. मग विचारलं, "आज काय खादं?"

मी म्हटलं, बरं खाल्लं.

"बरं म्हंजे काय? एक भाकर, दोन भाकरी, वरण कितलं? मोजी सांग."

मी दोन भाकरी सांगितल्या. अक्का उठल्या, तव्यावर बोट फिरवलं, तवा पालथा केला आणि परत येऊन बसल्या. खोटं बोललीस, असं काही म्हणाल्या नाहीत. कोपऱ्यातल्या केळीच्या सालींकडे बघून एवढंच म्हणाल्या, "केळीनं पोट भरस पोरी, पोरगं भरत नही." मिसरीची डबी त्यांना दिसली होती. त्यावरही ओरडल्या नाहीत. "भूक मारायचं औषध शे ते," म्हणाल्या, "पण भूक तुझी एकटीची नाही मरत."

तिथून त्या थेट मुकादमाकडे गेल्या. ह्या पोरीला बसून करायचं काम दे आणि दुपारी तासभर आडवं होऊ दे, म्हणून सांगितलं. मुकादम मजेत होता. अक्कांच्या खांद्याला बाळं तोलायचा काटा होता, तो बघून म्हणाला, "अक्का, काटा आणलाच आहे तर आमच्या घडांचंबी वजन करून द्या."

अक्का म्हणाल्या, "तुन्हा घडनं वजन तीनदा हुई. शेतमा, आठे ह्या हौदवर, आनि ट्रकवर. आठेना पोरास्नं एकदा तरी होऊ दे."

खोल्यांमधल्या सगळ्या बाया हसल्या. मुकादम हसला नाही, पण दुसऱ्या दिवसापासून मला फोमचे कागद सुटे करायला बसवलं. त्या दिवसापासून पुरुषमाणसं त्यांना काटेवाली म्हणायला लागली. अक्कांच्या कानावर ते गेलं होतं. त्यांना ते नाव आवडलं असावं असं मला वाटतं, कारण एकदा दुकानातल्या पोऱ्यानं कोण आलंय विचारलं तर त्या स्वतःच म्हणाल्या, काटेवाली आलीये म्हणून सांग आत.

एक गोष्ट मला इथं लिहिलीच पाहिजे, नाहीतर बाकी लिहिण्याला अर्थ नाही. अक्का दर आठवड्याला यायच्या आणि मी दर वेळी "खाते" म्हणायची. खात नव्हते. सासूबाईंनी फोनवर सांगितलं होतं की सातव्यापासून अर्ध्या पोटी राहायचं, म्हणजे लेकरू बारीक राहतं आणि बाळंतपण सोपं जातं. आमच्याकडं सगळ्या तसंच करतात. परक्या मुलखात, जवळ आई नाही, बाळंतपणाची मला फार भीती वाटायची. एका बाजूला माझ्या घरची बाई सांगत होती आणि एका बाजूला न कळणाऱ्या बोलीची नर्स. मी घरच्या बाईचं ऐकलं. अक्कांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्यांतल्या निम्म्या हौदामागे गेल्या.

मुलगी झाली. सोपी झाली, खरंच. काट्यावर एक किलो सहाशे चाळीस भरली.

जळगावच्या मोठ्या दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवलं. डॉक्टरांनी विचारलं, लवकर झाली का? कागदावर दिवस पूर्ण होते. मग ते म्हणाले, हिला दिवस मिळाले पण अन्न मिळालं नाही, वाढ पोटातच खुंटली. आईचं रक्त कमी, वजन कमी, धूर, तंबाखू, उभ्यानं काम, हे एकेक करून त्यांनी सांगितलं. ते कुणाला दोष देत नव्हते. पण मला प्रत्येक शब्दाला वाटत होतं की हा माणूस आमची खोली बघून आलाय.

मी तिथं एकोणीस दिवस होते. हे दोनदा आले, कामाचा खाडा परवडत नव्हता. सासूबाईंनी फोनवर विचारलं, मुलगी का? आणि फोन ठेवला. अक्का तीन रविवार आल्या. सुट्टीच्या दिवशी, एसटीनं, काळी छत्री घेऊन. ऊन असो नसो, छत्री उघडीच असायची. येताना डब्यात कळण्याची भाकरी असायची, ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेल्या पिठाची, वर शेंगदाण्याचं तेल ओतलेलं. डबा माझ्यासमोर उघडायच्या आणि मी शेवटचा घास गिळेपर्यंत नजर काढायच्या नाहीत. बाळाचं कौतुक नाही, गोड आहे नाही, कुणासारखी दिसते नाही. मी पहिल्याच रविवारी त्यांना सगळं सांगून टाकलं. गोळ्यांचं, अर्ध्या पोटाचं. मला वाटलं आता डबा उचलून निघून जातील.

त्या म्हणाल्या, "माले माहीत व्हतं. तवा कोरडा व्हता ना तुन्हा." आणि भाकरी माझ्याकडे सरकवली.

एक किलो नऊशेवर आम्हाला घरी सोडलं. थंडीचे दिवस होते, पत्र्याच्या खोलीत वारा शिरायचा. टोळीतल्या बाया जमल्या आणि त्यांनी काय केलं, तर पॅकिंगचा फोम आणला. केळीला डाग पडू नये म्हणून घालतात तोच. त्यात त्यांनी माझी लेक गुंडाळली, चार पदरी, वर सुतळीसुद्धा बांधली. सगळ्यांना अगदी समाधान वाटलं. केळी परदेशात जातात ह्याच्यात, तिला काय होतंय.

अक्का दुसऱ्या दिवशी आल्या. पाणी मागितलं, चूल बघितली. मग बाळ बघितलं आणि मी पहिल्यांदा त्यांना हसताना पाहिलं. आवाज न करता, खांदे हलवत हसल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "पार्सल कुठं पाठवायचं शे?" मग सुतळी सोडली. आत लेकीच्या पाठीवर घामोळं उठलं होतं आणि पाय मात्र गार. अक्कांनी दार लावून घेतलं, माझं पोलकं सोडायला लावलं, लेकीला उघडी करून माझ्या छातीवर पालथी ठेवली आणि वरून आम्हा दोघींना त्यांच्याच शालीनं बांधून टाकलं. असं दिवसभर राहायचं. काम नाही, चूल नाही. बाळाला फोम लागत नाही, आई लागते, असं त्यांनी टोळीतल्या बायांना बाहेर जाऊन सांगितलं. शाल त्यांनी परत नेली नाही.

वजन करायची त्यांची एक रीत होती. काटा आढ्याला अडकवायचा, रिकामी झोळी लावायची आणि काटा शून्यावर आणायचा. मग आईला जवळ बोलवायचं. "आधी शून्य बघ." आईनं शून्य बघितल्याशिवाय बाळ झोळीत जायचं नाही. काटा थांबेपर्यंत कुणी बोलायचं नाही. थांबला की आकडा मोठ्यानं वाचायचा आणि तसाच लिहायचा. दोन किलो तीनशे ऐंशी तर तीनशे ऐंशी. पाच ग्रॅमचीसुद्धा सूट नाही. उपकेंद्रातल्या आशाताई सांगायच्या की बाकी गावांच्या रजिस्टरात बहुतेक पोरं अडीच किलोची जन्मतात, कारण अडीचच्या खाली लिहिलं की पुढचे कागद वाढतात, भेटी वाढतात आणि बैठकीत बोलणी बसतात. एकदा बैठकीत साहेबांनी अक्कांना उभं करून विचारलं, तुमच्याच गावची पोरं एवढी लहान कशी? अक्का म्हणाल्या, "साहेब, बाकीच्या गावांची पोरं एकाच साच्यातून निघतात का, ते पण विचारा." त्यानंतर वर्षभर त्यांची कुठलीही रजा सरळ मंजूर झाली नाही.

लेक दोन महिन्यांची व्हायच्या आत टोळी हलायची वेळ आली. गुजरातेत भडोचकडे काम मिळालं होतं. लेक तेव्हा दोन किलो शंभर होती. अक्का ह्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की अडीच झाल्याशिवाय हिला उघड्या टेम्पोत घालायचं नाही. मुकादम म्हणाला, मग बाईला गावी सोडा. मुलगी ऐकून फोन ठेवणाऱ्या सासूबाईंकडे गावी कसं सोडणार होते? हे माझ्याकडं बघायला लागले. अक्कांनी विचार केला असेल नसेल, म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे मन्हाकडे."

म्हणून मी त्यांच्याकडे राहिले. उपकेंद्रामागे दोन खोल्यांचं क्वार्टर. टोळी गेली आणि पॅकिंग हाऊसमागच्या बारा खोल्या रिकाम्या झाल्या. त्या रिकाम्या पत्र्यांकडे मला बघवत नसे.

अक्कांना कुणी नव्हतं की कुणी होतं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. गावात कुणी म्हणायचं नवऱ्यानं दुसरं घर केलं, कुणी म्हणायचं लग्नच टिकलं नाही. त्या कधी बोलल्या नाहीत आणि मी विचारलं नाही. धुळ्याकडून भावाचा फोन महिन्यातून एकदा यायचा, उभ्या उभ्या घ्यायच्या आणि लगेच ठेवायच्या. घरात एकच ताट होतं. मी आल्यावर दुसरं घेतलं नाही, ते मला दिलं आणि स्वतः ताटलीत जेवायला लागल्या. मला आधी वाढायच्या. मला फार अवघड व्हायचं. एवढी शिकलेली बाई माझ्यापुढं भाकरी सरकवतेय आणि माझ्याकडं द्यायला काही नाही. मी भांडी घासायला उठले की म्हणायच्या, बैस, तुझं काम तुझ्या छातीवर बांधलेलं आहे.

संध्याकाळी त्या जुनी रजिस्टरं काढायच्या. मला वाटायचं सरकारी काम असेल. पण त्या नुसत्या नावं वाचायच्या. हा धडगावकडचा, वीटभट्टीवरचा. ही खरगोनकडची, कापूस वेचणाऱ्यांची. जन्माचं वजन, पहिला आठवडा, दुसरा आठवडा, आणि पुढचे रकाने रिकामे. टोळी गेली की पुढं काय झालं ते कुणी कळवत नाही. अक्का बोट रिकाम्या रकान्यावर ठेवून म्हणायच्या, "ह्यो आता चालत असंल." मग पान उलटायच्या.

मी मात्र दिवस मोजत होते. हे फोनवर म्हणायचे, किती झाली? मुकादम नवी बाई बघतोय, तुझी जागा जाईल. आणि त्यांच्या आवाजात मला दुसरंच काही ऐकू यायचं. नवरा तिकडं, मी इकडं, पोटाला मुलगी, तीही एवढीशी. बाईमाणसाला मागे सोडलं की विसरायला किती वेळ लागतो, हे मी टोळीत पाहिलं होतं. एका बाईला तिच्या माणसानं असंच पाचोऱ्यात सोडलं होतं.

लेक दोन किलो तीनशे दहावर आली आणि तिथंच दोन आठवडे थांबली. मला सर्दी झाली, दूध कमी झालं. त्या दिवशी दुपारी अक्का दादर ज्वारी निवडत बसल्या होत्या. मी त्यांच्या समोर बसले आणि म्हटलं, अक्का, अडीच लिहा. ह्यांना मी अडीच झाली म्हणून सांगते, ते येऊन घेऊन जातील. थोडंच तर कमी आहे, तिकडं भरून निघेल. मी खूप रडले. पाया पडले.

अक्कांनी सूप बाजूला ठेवलं. त्यांना राग आला असता तर बरं झालं असतं.

त्या सांगायला लागल्या. नोकरीला लागल्या त्याच्या दुसऱ्या का तिसऱ्या वर्षीची गोष्ट. अशीच टोळी, अशीच पोरगी, पहिलटकरीण. मुलगा दोन किलो शंभर होता. ती पोरगी रडून रडून म्हणाली की सासरचे मला नावं ठेवतील, मूल भरवता आलं नाही म्हणतील. अक्कांनी अडीच लिहिलं. चांगलं वाटावं म्हणून. सासरच्यांना सांगितलं, छान आहे, अडीच आहे. त्यांनी ऐकलं आणि चौथ्या दिवशी त्याला ट्रकवर घालून निघाले. अडीचचं मूल प्रवास सोसतं, हेही अक्कांनीच कधी तरी त्यांना सांगितलं होतं.

"कुठं गेला तो?" मी विचारलं.

"सेंधव्यालगून जित्ता व्हता, पुढे नही." एवढंच म्हणाल्या. सूप परत पुढं ओढलं. जरा वेळानं, माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "रजिस्टरमा तो अजून अडीच शे. मी खोडं नही. खोडू बी नही."

मी पुन्हा अडीच लिहा म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी गावातून अळीव आणले आणि दूधवाल्याला अर्धा लिटर वाढवून सांगितलं. मीही रडणं बंद करून खायला लागले. खरं सांगते, तोपर्यंत मी त्यांच्या भीतीनं खात होते. त्यानंतर पोरीसाठी खाल्लं.

साडेतीन आठवड्यांनी काटा दोन किलो पाचशे वीसवर थांबला. अक्कांनी झोळी उतरवली, शून्य पुन्हा बघितलं, मला बघायला लावलं, पुन्हा चढवली. दोन पाचशे वीस. तिसऱ्यांदा केलं तेव्हा लेक वैतागून रडायला लागली. मग त्यांनी लिहिलं. पेन खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच काम नसताना तिला उचललं. खिडकीपाशी घेऊन गेल्या आणि माझ्याकडं पाठ करून बराच वेळ उभ्या राहिल्या.

हे आले. मला विसरले नव्हते. वाटेत बाळाला लागेल म्हणून त्यांनी स्वतःच्या बुद्धीनं टेम्पोऐवजी रेल्वेची तिकिटं काढली होती. मला अजून आठवलं की बरं वाटतं. निघताना मी अक्कांना वाकून नमस्कार केला. त्या म्हणाल्या, पुढचं वजन महिन्यानं कर, कुठंही कर, पण शून्य बघून कर. फोन करते म्हटलं. केलाही, वर्षभर, प्रत्येक महिन्याला आकडा सांगायला. पलीकडून त्या आकडा परत म्हणायच्या, लिहीत असाव्यात, आणि फोन ठेवायच्या. मग माझा फोन हौदात पडला, नंबर गेला. कुणाकडून तरी कळलं की अक्का रिटायर झाल्या आणि धुळ्याकडे भावाच्या गावी गेल्या. गावाचं नाव कुणाला नीट सांगता आलं नाही.

आता आम्ही नाशिककडे द्राक्षांच्या कामावर आहोत. गेल्या वर्षी सासूबाई गेल्या, म्हणून हिंगोलीला निघालो. गाडी चाळीसगावला थांबली. पलीकडे धुळ्याची गाडी लागते, तिथल्या बाकावर एक बाई बसली होती. एकटी, मांडीवर पिशवी, शेजारी मिटलेली छत्री. केस सगळे पांढरे झाले होते. मी आधी छत्री ओळखली आणि मग बाई.

मी लेकीला उचलून खिडकीच्या गजाला लावली आणि हाका मारल्या. अक्का, अक्का. स्टेशनात चहावाल्यांचा आणि घोषणांचा इतका गोंगाट होता की माझा आवाज मलाच ऐकू येईना. ह्यांना उतरून जा म्हटलं, ते दारापर्यंत गेले तोवर गाडी हलली. अक्कांनी मान वर केली होती. आमच्या गाडीकडेच बघत होत्या, डब्यामागून डबा बघावा तसं. लेकीवरून त्यांची नजर गेली. थांबली की नाही, मला सांगता येणार नाही. गजाला धरून हसणारी, दात पडलेली, सहा वर्षांची एक पोरगी त्यांना दिसली असेल. ती कोण, हे त्यांना कसं कळणार?

लेकीनं विचारलं, कोण होत्या त्या?

मी म्हटलं, तू दोन किलोची होतीस तेव्हा आपण त्यांच्या घरी राहायचो.

"दोन किलो म्हणजे केवढी?"

मी हात पुढं केले, तळवे वर, एकाशेजारी एक. एवढी, म्हटलं. तिनं माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं, मग स्वतःकडे बघितलं, आणि तिला खोटंच वाटलं. मी हात तसेच धरून खिडकीच्या गजांकडे वाकले. आमची गाडी वळणावर आली तरी मागे धुळ्याची गाडी अजून उभी दिसत होती. बाक दिसत नव्हता.